छापखान्यातली हवा

बेळगावात छपाईचा धंदा आमच्या घराण्यात तीन पिढ्या आहे. थोरल्या काकांची ट्रेडल, मग चुलतभावाचं ऑफसेट आणि आता पुतण्याचं डिजिटल. मी एकटा बँकेत गेलो, पण तिन्ही ठिकाणी जाणं-येणं राहिलं. त्या खोल्यांतली हवा कशी बदलत गेली, ते सांगतो.

काकांकडे लग्नपत्रिका आणि गणपती मंडळांची पावतीपुस्तकं छापली जायची. काम झालं की खिळे रॉकेलने धुवायचे. खिळ्यांच्या खणांत बसलेली धूळ तोंडाने फुंकायचे. ती धूळ शिशाची! त्याच हातांनी चहा नि तंबाखू. संध्याकाळी काका प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचे. गुळाने शिसं उतरतं, अशी समजूत. खरं तर जेवणाआधी साबणाने हात धुणं जास्त कामाचं होतं. शिसं अंगात साठलं की पोटात कळा येतात, रक्त कमी होतं, मनगटातली ताकद जाते. १९४८ च्या कारखाने कायद्यात या विषबाधेची नोंद होती. पण विजेवर चालणाऱ्या जागी किमान १० कामगार असले तर तो कायदा लागू व्हायचा. आमच्या गल्लीतल्या छापखान्यात माणसं चार.

ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण आता रबरी ब्लँकेट दिवसातून अनेकदा थिनरने पुसायचं, आणि ओली शाई वरच्या कागदाला लागू नये म्हणून बारीक पावडर फवारायची. त्यात बेळगावचा पाऊस! कागद दमट होऊ नये म्हणून भाऊ खिडक्या घट्ट लावून घ्यायचा. दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं. भाऊ म्हणायचा, "सवय होते रे." सवय नाकाला होते, फुप्फुसाला नाही.

जपानात ओसाकाच्या एका ऑफसेट छापखान्यात काय झालं, ते २०१२ साली उघड झालं. तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला होता. हा रोग एरवी त्या वयात क्वचितच होतो. शाई पुसायच्या द्रावणात डायक्लोरोप्रोपेन होतं, खोली तळघरात, आणि बाहेर काढलेल्या हवेतली बरीचशी परत आतच येत होती. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते रसायन माणसाला कर्करोग करणारं म्हणून नोंदवलं.

पुतण्याच्या खोलीत वास नाही, एसी आहे. तो विचारतो, "काका, आता कसलं प्रदूषण?" मी सांगतो, काही लेझर मशीनमधून ओझोन आणि अतिसूक्ष्म कण निघतात. आणि साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. त्याच्याकडचा विशीतला मुलगा त्या बंद खोलीत रोज दहा तास बसतो.

कर्जाच्या कागदांत मी यंत्राची किंमत, विमा, हप्ता सगळं पाहिलं. हवेचा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता. मशीनजवळ एक्झॉस्ट पंखा, समोरून ताजी हवा यायला वाट, द्रावणाच्या डब्याला झाकण, चिंध्यांना झाकणाचा डबा, एवढ्यानेही बराच फरक पडतो. मी पुतण्याला हिशेब करून दाखवला: पंखा मशीनच्या एका हप्त्यातही बसतो. तो म्हणतो, भिंत घरमालकाची, भोक पाडू देत नाहीत. आता घरमालकांशी मीच बोलणार आहे.