पिवळा उजेड

आजरा मागे पडलं तेव्हाच डावा दिवा थरथरायला लागला होता. आंबोली येईपर्यंत त्याचा पांढरा रंग जांभळट झाला आणि घाटाच्या तोंडाशी तो विझला. जुलै महिना, रात्रीचे नऊ, काचेवर पाऊस, पुढे धुकं. बटण बंद करून पुन्हा चालू केलं की दिवा पेटायचा, दोन वळणं साथ द्यायचा आणि परत जायचा. शेजारी आई बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. फक्त वाकून काचेतून कठडा शोधत राहिली. साटम महाराजांच्या दाणोलीचे दिवे दिसले तेव्हा तिने हात जोडले.

गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने तिच्यात एचआयडी दिव्यांचं किट बसवून घेतलं होतं आणि मलाही ते फार आवडलं होतं. अंगणात दिवे लावले की समोरची भिंत चांदणं सांडल्यासारखी दिसायची. या दिव्यात तार नसतेच. इवल्याशा कुपीत झेनॉन वायू, थोडे धातूंचे क्षार आणि समोरासमोर दोन टोकं. त्यांच्यामध्ये विजेची कमान पेटते. ती पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो. ट्यूबलाइटला जसा चोक, तसा याला बॅलास्ट. तो आजारी पडला की दिवा कधी लागेल आणि कधी जाईल, याचा भरवसा नाही. माझ्या गाडीत तो बंपरमागे नुसता पट्टीने बांधलेला होता आणि दोन पावसाळ्यांचं पाणी पिऊन बसला होता.

कोल्हापुरात परतल्यावर वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं, रबरी टोपी काढली आणि म्हणाला, "काका, ह्यो रिफ्लेक्टर हॅलोजनचा हाय. त्यात ही कुपी बसवून फोकस मिळत न्हाई. उजेड नुसता उधळतोय."

मग त्याने एचफोर हॅलोजन बल्ब कागदात धरून माझ्यासमोर आणला. साठ-पंचावन्न वॅटचा, तीन पिनांचा, अगदी साधा. पण मी तो पहिल्यांदाच नीट बघितला. आत दोन तारा. एक अपरची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची नखाएवढी वाटी. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपरचा झोत वर जात नाही. तिची एक कड किंचित तिरकी कापलेली असते; त्यामुळे झोत डावीकडे थोडा वर चढतो आणि कडेने चालणारा माणूस, मैलाचा दगड दिसतो. उजवीकडून येणाऱ्याचे डोळे मात्र सुटतात. एवढा विचार त्या नखाएवढ्या पत्र्यात आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांची अशी काळजी वाहणारी वस्तू मी इतकी वर्षं ओळखलीच नव्हती.

काचेला त्याने बोट लागू दिलं नाही. ती क्वार्ट्झची असते. बोटाचं तेल लागलं तर तिथे ताप साठतो आणि बल्ब फुटू शकतो. आतली तार टंगस्टनची. तापल्यावर तिचे कण उडून जातात, पण कुपीतलं आयोडीन किंवा ब्रोमीन त्यांना गाठून पुन्हा तारेकडे आणून सोडतं. कण परततात, पण जिथून उडाले तिथेच परततील असं नाही, म्हणून तार कुठेतरी झिजत जाते आणि एक दिवस तुटते. तिचं जाणं मला समजतं. आणि ती गेली तर तालुक्याच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात दुसरा बल्ब मिळतो. दोन्ही बल्ब आणि मजुरी मिळून पाचशेच्या दोन नोटांतून पैसे परत आले.

मापात हॅलोजन हरतो, हे मान्य. ३५ वॅटची झेनॉन कुपी ३,००० ल्युमेनच्या वर उजेड देते, एचफोरचा डिपर जेमतेम १,०००. १९९१ साली बीएमडब्ल्यूने सेव्हन सिरीज मोटारीत झेनॉन दिवे दिले, ते त्याच दिव्यांसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये. ज्या गाडीला असे दिवे कारखान्यातूनच मिळालेत, तिला माझं काही म्हणणं नाही. पण दुसऱ्याच्या घरात कोंबलेला तो दिवा रस्ता सोडून आभाळाकडे, झाडांकडे, समोरच्याच्या तोंडावर जातो. धुक्यात तोच उजेड भिंत होऊन आपल्याकडे परत येतो. त्या रात्री घाटात मला धुकं जास्त दिसलं आणि रस्ता कमी, ते त्यामुळे.

मला खरी टोचणी वेगळीच आहे. दोन वर्षं समोरून येणाऱ्या एसट्या, दुधाचे टेम्पो मला डिपर मारत होते. मी अपर लावलेला नसायचा, म्हणून मला त्या चालकांचा राग यायचा. त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं आणि ते मला तेवढंच सांगत होते. कुणी मोटारसायकलवाला, मागे बायको-मूल घेऊन, माझ्या झोतात क्षणभर आंधळा होऊन गेला असेल. कुणाला काही झालं नाही, हे त्यांचं नशीब आणि माझंही.

ऑगस्टमध्ये पुन्हा आंबोली उतरलो. पाऊस तसाच होता. ओल्या डांबरावर पिवळा उजेड पसरला होता आणि त्यात खड्ड्यांच्या कडा, वाहत आलेली माती, कठड्यावरचे पांढरे पट्टे दिसत होते. वर चढणारी एसटी जवळून गेली. चालकाने डिपर मारला नाही. आई तोवर झोपली होती.

डिपरवर असूनही समोरचे तुम्हाला डिपर मारत असतील, तर आज अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करा आणि आपल्या उजेडाची रेघ कुठवर चढते ते बघा.