वेंगुर्ल्याची खोली

आमचा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. ॲड्रियाटिक समुद्राकाठची कोटोर, दुब्रोवनिक अशी जुनी व्यापारी गावे आम्हां उभयतांस दाखवावीत, असा त्याचा आग्रह होता. त्याने छायाचित्रेही पाठविली. तटबंदीच्या आत दाटीने उभी असलेली दगडी घरे, थेट पाण्यात उतरलेले डोंगर. सौ.ने ती बारकाईने पाहिली आणि मला म्हणाली, "आधी तुमचे वेंगुर्ले दाखवा."

ते वाक्य मला लागले. १९८९ पासून तीन वर्षे मी वेंगुर्ल्याच्या शाखेत अधिकारी होतो. आई अंथरुणाला खिळलेली, दुकान धाकट्या भावाच्या हाती नुकतेच आलेले, म्हणून सौ. कोल्हापुरातच राहिली. ती एकदाही तिकडे आली नाही. "तिथे पाहण्यासारखे काही नाही," असे मी प्रत्येक खेपेस सांगत असे.

माघात निघालो. गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरून पहिला मुक्काम खारेपाटणला केला. विजयदुर्गाच्या खाडीवरचे, समुद्रापासून बरेच आत असलेले हे एके काळचे मोठे बंदर. दक्षिण कोकणात जैनांची वसाहत आणि जिनमंदिर असलेले गाव म्हणून जुन्या गॅझेटियरने त्याची नोंद घेतली आहे. नदीच्या पात्रात सापडलेल्या काळ्या संगमरवरी मूर्तीचाही तेथे उल्लेख आहे. दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा सौ. म्हणाली, "आपली माणसे इथे कशाला आली असतील?" याचे उत्तर माझ्यासारख्या हिशेबी माणसाला ताम्रपटात सापडते. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधील शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट याच गावी मिळाला. एका शैव देवस्थानाला दिलेले ते दान आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण आणि कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण, असे उत्पन्न त्यात लावून दिले आहे. एक हजार वर्षांपूर्वीची ही जकात वाचताना मला आमच्या बँकेतील दरपत्रक आठवले. परदेशी मालाला एक दर, किनाऱ्यावरच्या मालाला दुसरा! जिथे जकात घेण्याइतकी गलबते येत, तिथे पेढी मांडणारेही येणारच. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि वैभव ओसरले. खाडीकाठी उभे राहिल्यावर तिथे जहाजे लागत असतील यावर सौ.चा विश्वास बसेना.

विजयदुर्ग पाहिला, मालवणलाही दोन रात्री राहिलो. सिंधुदुर्गाविषयी वाचकांना सांगावे असे नवे माझ्याजवळ काही नाही. सांगायचे आहे ते जेवणाचे. सौ. कंदमुळे वर्ज्य करते आणि सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. मासळीच्या त्या मुलखात घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी किती पुरणार? आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी एकदा विचारून घेतले आणि दुसऱ्या दिवशी नवे भांडे काढून वेगळ्या चुलीवर स्वयंपाक केला. सूर्य कधी मावळतो हेही त्याच आम्हांला सांगत. निघताना त्यांनी संध्याकाळसाठी घावण्यांचा डबा बांधून दिला.

वेंगुर्ल्यात शिरताना माझीच छाती धडधडत होती. डचांनी सतराव्या शतकात बांधलेली वखार आता पडझडीला आली आहे. तिच्या भिंती मी सौ.ला दुरूनच दाखविल्या. तिला खोली पाहायची होती. बंदराच्या रस्त्यावरचे ते घर अजून उभे आहे. जुने मालक गेले. त्यांच्या सुनेने ओळख सांगताच माडी उघडून दिली. खाटेच्या जागी आता आंब्याच्या रिकाम्या पेट्या होत्या. सौ.ने खिडकी ढकलली. समोर धक्का, डावीकडे टेकडी आणि मध्ये सारा समुद्र.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे रोज दिसायचे?"

"हो."

"आणि रात्री आवाज येत असेल."

"येत असे."

"मग पत्रात कधी लिहिले नाहीत?"

लिहिले असते तर तिला आईच्या खाटेशी बसून ते वाचावे लागले असते, असे उत्तर मी मनात तयार केले. ते खोटे नव्हते. पण पुरतेही खरे नव्हते. तिन्ही वर्षे मला तो समुद्र एकट्याला आवडत होता आणि ते कबूल करण्याची मला लाज वाटत होती. घरी ती आईचे सारे करीत असता मी इथे खिडकीत बसून चहा पीत होतो. हे मी तिला प्रथमच सांगितले, चौतीस वर्षांनी.

"मला वाटलेच होते," ती म्हणाली. "इथून येताना तुम्ही कधी रोडावून आला नाहीत."

तिने एक पेटी खिडकीशी ओढली, दुसरी मला दिली. होड्या धक्क्याला लागत होत्या. सूर्य पाण्याला टेकला, बुडाला, आणि मग आम्हां दोघांनाही एकदमच डब्याची आठवण झाली. घावणे घरातल्या मुलांना दिले. सौ.ने सकाळपर्यंत काही घ्यायचे नाही हे ठरलेलेच होते. त्या रात्री मीही जेवलो नाही.