जांभळे लेबल

न्यू जर्सी राज्यातील एका लहान गावी २०२२ च्या उन्हाळ्यात दोन महिने राहण्याचा योग आला. तेथील धर्मगुरू रजेवर गेले होते व त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली होती. एके सायंकाळी एक वृद्ध विधवा बाई भेटीस आल्या. त्यांच्या हातात पारदर्शक प्लॅस्टिकची एक चपटी, बंदिस्त पेटी होती आणि पेटीत होती एक चित्रकथा. ती मेजावर ठेवून त्या म्हणाल्या, "फादर, माझ्या यजमानांनी करून घेतलेली दुरुस्ती मी काढून टाकली, तर ती लबाडी ठरेल का?"

सेमिनरीत नीतिशास्त्र आम्ही कसून अभ्यासले होते. परंतु कॉमिक्सचे प्रकरण त्यात नव्हते. मी त्यांना बसायला सांगितले आणि सारे पहिल्यापासून ऐकून घेतले.

ती चित्रकथा म्हणजे 'अमेझिंग फँटसी'चा पंधरावा अंक, ऑगस्ट १९६२ चा, मूळ किंमत बारा सेंट. आपल्या घराघरांतील मुलांना ठाऊक असलेला स्पायडरमॅन या अंकात प्रथम अवतरला. कथा स्टॅन ली यांची, आतील चित्रे स्टीव्ह डिटको यांची. नवल असे, की हा त्या मासिकाचा अखेरचा अंक ठरला. याच अंकाची एक जवळजवळ निर्दोष प्रत सप्टेंबर २०२१ मध्ये छत्तीस लाख डॉलर्सना विकली गेली. ही वार्ता बाईंच्या मुलाने वाचली होती, आणि तेथूनच या घरातील अस्वस्थतेला प्रारंभ झाला.

यजमानांनी तो अंक शाळकरी वयात विकत घेतला होता. त्या काळच्या छापखान्यांतील कातरण्याची पाती बोथट होत, त्यामुळे पुष्कळ प्रतींच्या मुखपृष्ठाच्या कडेचे टवके जन्मतःच उडालेले असत. या प्रतीचेही उडाले होते. शिवाय एक कोपरा गेलेला, कण्यावर पांढऱ्या चिरा पडलेल्या. १९८६ साली, हाती थोडा पैसा आल्यावर, त्यांनी तो एका कुशल कारागिराकडे पाठवला. त्याने कोपरा नव्या कागदाने भरून काढला, टवके बुजवले, चिरांवर मूळ छटेचा रंग दिला. त्या दिवसांत याला संग्राहक जतन म्हणत. मौल्यवान प्रत अशी सुधारून घेणे हे मालकाच्या आस्थेचे लक्षण मानले जाई.

पुढे काळ पालटला. दुरुस्त केलेल्या प्रती न सांगता 'अस्पर्श' म्हणून विकल्या जाऊ लागल्या, घेणारे फसू लागले. २००० साली सर्टिफाइड गॅरंटी कंपनी स्थापन झाली. तेथील परीक्षक प्रत भिंगाखाली व अतिनील प्रकाशात तपासतात, अर्ध्यापासून दहापर्यंत श्रेणी देतात आणि प्रत पेटीत बंद करतात. पेटीच्या माथ्यावर लेबल असते. अस्पर्श प्रतीला निळे, दुरुस्त प्रतीला जांभळे. जांभळ्यावर काय काय केले आहे ते लिहिलेले असते. कामाचा दर्जा अक्षराने आणि प्रमाण अंकाने दर्शवतात. म्हणजे सत्य पूर्णपणे सांगितलेले असते. फसवणुकीला यामुळे मोठा आळा बसला, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु बाजार लेबल वाचत नाही, फक्त त्याचा रंग पाहतो. पुढच्या सोमवारी बाई, त्यांचा मुलगा आणि मी असे तिघे शेजारच्या शहरातील एका व्यापाऱ्याकडे गेलो, तेव्हा ते प्रत्यक्ष अनुभवले. प्रतीची श्रेणी सात होती, आणि सात म्हणजे चांगली. गृहस्थ सज्जन होता. त्याने पेटी हातात घेतली, माथ्याकडे एक दृष्टी टाकली आणि सातच्या आकड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचा चेहरा उतरला. संग्राहकांमध्ये या रंगाला सर्वनाशाचे लेबल म्हणण्याचा प्रघात आहे, असे तो खेदाने म्हणाला. निळ्या सातला जे मोल येते त्याचा लहानसा अंशच जांभळ्या सातला मिळतो. कण्यावर रंगाचे दोन ठिपके असोत की अर्धे मुखपृष्ठ नव्याने घडवलेले असो, रंग एकच.

त्याने आणखी जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. फाटलेल्या पानाला कोणी साधी पारदर्शक चिकटपट्टी लावली, तर तो निव्वळ दोष समजतात. श्रेणी घसरते, लेबल निळेच राहते. अंक उष्णता व ओलावा देऊन यंत्रात दाबला आणि त्याच्या सुरकुत्या घालवल्या, तर ती दुरुस्ती धरली जात नाही; श्रेणी मात्र वाढते, आणि लेबल पुन्हा निळेच. १९५० पूर्वीच्या अंकावर अगदी अल्प रंग वा गोंद आढळला तर कधी कधी निळे लेबल मिळू शकते. १९६२ च्या अंकाला ती सवलत नाही. फाट सांधणे, पिना बदलणे अशा केवळ टिकाऊपणासाठी केलेल्या कामांना पुढे एक वेगळे लेबल देण्यात आले, हे चांगले झाले. पण रंग आणि नवा कोपरा त्यात बसत नाहीत.

चिकटपट्टीचा उल्लेख आला आणि मी मनातल्या मनात वरमलो. तरुणपणी एका धर्मग्रामात असताना बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीची फाटकी पाने मी स्वतः, मोठ्या उत्साहाने, पारदर्शक पट्टीने जोडली होती. काही वर्षांत पट्टी पिवळी पडून सुटली, तिचा चिकट पाझर कागदात उतरला आणि त्याखालची नावे धूसर झाली. गव्हाची खळ व पातळ जपानी कागद वापरला असता तर ती नावे आज स्वच्छ वाचता आली असती, हे मला फार उशिरा एका जाणकाराने सांगितले. वहीला लेबले लावीत नाहीत म्हणून बरे!

मुलाचा बेत असा होता. दुरुस्ती उतरवून देणारे लोक आता आहेत. ते रंग खरवडून वा धुऊन काढतात, भरलेला कोपरा सोडवून घेतात. प्रत पुन्हा तुटकी दिसू लागते, सातवरून तीनवर किंवा त्याहून खाली येते, परंतु लेबल निळे होते. आणि निळे तीन जांभळ्या सातहून अधिक भावाने जाऊ शकते. व्यापाऱ्याने हा हिशेब खरा असल्याचे सांगितले. "काही सांगता येत नाही, खरवडताना मूळ शाईही जाऊ शकते," एवढी पुस्ती त्याने जोडली.

परतताना गाडीत मी बाईंच्या प्रश्नाचे उत्तर दिले. लबाडी नव्हे. लबाडी झाली असती ती दुरुस्ती दडवून विकली असती तर. काढल्यानंतर उरलेली झीज परीक्षकाला उघड दिसणारच, यात कोणी फसत नाही. मुलगा समाधानाने मान डोलावत होता. मी जे बोललो ते चूक नव्हते; तरी बोलून झाल्यावर मला चैन पडेना. खरे सांगण्यासाठी जे लेबल निघाले, त्याच्याच धाकाने लोक चांगले काम खरवडून काढू लागले आहेत आणि ज्याची नोंद होत नाही असे काम मुक्तपणे करू लागले आहेत. प्रतीच्या हिताचे काय, हा प्रश्न गाडीत बसलेल्या आम्हां तिघांपैकी कोणी विचारलाच नव्हता. घर येण्याआधी मी तो विचारला, आणि नोंदवहीची माझी गोष्टही सांगितली.

मुलाला माझा हस्तक्षेप रुचला नाही. त्याचेही चूक म्हणवत नाही. आईच्या घराचे छप्पर गळत होते आणि तो दूरच्या राज्यात दोन मुलांसह भाड्याच्या घरात राहत होता.

बाई त्या वेळी काहीच बोलल्या नाहीत. आठवडाभराने त्या पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्याजवळ एक जुना लिफाफा होता. त्यात कारागिराची १९८६ ची पावती होती, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद असलेली, आणि दुरुस्तीपूर्वीच्या मुखपृष्ठाची दोन छायाचित्रे. यजमानांनी ती छत्तीस वर्षे सांभाळून ठेवली होती.

"त्यांनी कोणापासून काही लपवलं नव्हतं, फादर," त्या म्हणाल्या.

अंक जांभळ्या लेबलासह, आहे तसाच विकला गेला. पावती व छायाचित्रे असल्याने भाव वाढेल अशी मला भाबडी आशा होती. ती फोल ठरली. आलेल्या पैशांत छप्पर झाले, मुलाला थोडे देता आले. घेणारा एक शाळामास्तर होता. निळी प्रत त्याला जन्मात परवडली नसती, असे व्यापाऱ्याने सांगितले. लिफाफा त्याने आवर्जून मागून घेतला.