लगाम कुणाच्या हाती?

मॉडेल विमानात रेडिओ नियंत्रणाची सामग्री बसविणे आणि मॉडेल हेलिकॉप्टरमध्ये ती बसविणे ही दोन निराळी कामे आहेत. नीट तोललेले विमान काही क्षण स्वतःच तरंगते. हेलिकॉप्टरला ती सवलत नाही. ते सतत सावरावे लागते. तांबरमच्या माझ्या खोलीत मेजावर चार सर्व्हो मांडून बसलो असताना, हे सावरण्याचे काम नेमके कोण करतो, याचा मी विचार करू लागलो.

चारांपैकी तीन सर्व्हो मुख्य पात्यांखालच्या स्वॉशप्लेटला १२० अंशांच्या अंतराने जोडतात. तिन्ही एकदम वर सरकले की सर्व पात्यांचा कोन वाढतो आणि यंत्र उचलले जाते. कमीअधिक सरकले की चकती कलते आणि हेलिकॉप्टर झुकून पुढेमागे वा बाजूला जाते. म्हणून सर्व्होला आधी वीज देऊन मध्यावर आणायचे आणि मगच त्याची भुजा सळईशी काटकोनात बसवायची. येथे घाई केली की पुढची सारी मापे फसतात.

चौथा सर्व्हो शेपटीचा. मुख्य पाती एका दिशेने फिरतात, म्हणून धड उलट दिशेने फिरू पाहते. ते रोखण्यासाठी रिसीव्हर आणि या सर्व्होच्या मध्ये जायरो बसवितात. तो मऊ दुहेरी टेपवर चिकटवायचा. (चेन्नईच्या मे महिन्यात टेपचा डिंक पाघळतो, मी वरून पट्टाही बांधतो.) मग मोटारीच्या तारा सोडवून, हेलिकॉप्टर हातात धरून नाक डावीकडे वळवायचे. शेपटीने नाक उजवीकडे आणणारी हालचाल केली पाहिजे. उलट केली, तर जायरो बिघाड वाढवीत नेतो आणि यंत्र भोवऱ्यासारखे गरगरते.

अँटेनाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. अँटेनाचे उघडे टोक तिच्या चतुर्थांश, म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर. कार्बन तंतूंचा सांगाडा या लहरी अडवितो. म्हणून दोन्ही टोके त्याच्यापासून दूर आणि परस्परांशी काटकोनात ठेवायची. संकेत तुटताच मोटार थांबते ना, हे पाती काढून, ट्रान्समीटर बंद करून पाहिल्याखेरीज मी पुढे जात नाही.

नागपूरहून आलेला माझा भाचा हे सारे पाहत होता. म्हणाला, "मामा, मग उडवतो कोण? तू की जायरो?"

मी त्याला इन्जेन्युइटीची गोष्ट सांगितली. मंगळावरच्या त्या पावणेदोन-दोन किलोच्या हेलिकॉप्टरचे मुख्य अभियंता बॉब बलराम याच शहरातल्या मद्रास आयआयटीचे विद्यार्थी. त्यातही स्वॉशप्लेट होत्या, दोन. प्रत्येकीला तीन छोट्या मोटारी. परंतु १९ एप्रिल २०२१ रोजी ते प्रथम उडाले तेव्हा संकेताला पृथ्वीवरून मंगळावर पोहोचायला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता आणि उड्डाण होते ३९ सेकंदांचे. कांडी हातात घेऊन ते उडविणे अशक्यच. आज्ञा आधी धाडलेली. सावरणे यंत्राचे, सेकंदाला ५०० वेळा.

२२ मे २०२१ च्या सहाव्या उड्डाणात कॅमेऱ्याचे एक छायाचित्र गहाळ झाले आणि पुढच्या प्रत्येक छायाचित्रावर चुकीची वेळ पडत गेली. आपण चुकलो, असा समज होऊन ते हवेत झोके घेऊ लागले. तरी ठरल्या जागेपासून सुमारे पाच मीटरच्या आत सुखरूप उतरले, कारण उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात कॅमेऱ्यावर विसंबायचेच नाही, हे रचनाकारांनी आधीच ठरविले होते. मला त्या ७२ उड्डाणांत हेच सर्वांत मोलाचे वाटते.

भाचा काही वेळ गप्प राहिला. मग ट्रान्समीटर मागू लागला. मी दिला नाही.

तांबरमला हवाई दलाचा तळ आणि मीनंबाक्कमचा विमानतळ दोन्ही जवळ, तेव्हा येथे उडविण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारी आम्ही चेंगलपट्टूच्या पलीकडच्या मोकळ्या माळावर गेलो. भाच्याला बराच मागे उभे केले. वारा आडवा होता. हेलिकॉप्टर कमरेइतके वर आले आणि शेपटी सरळ राहिली.