ई-३ चं घर

पांढरी मोहरी घेऊन बसावं आणि पाचव्या चालीला सी, डी, ई, एफ अशी चार प्यादी चौथ्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभी दिसावीत, यासारखं सुख पटावर दुसरं नाही. समोरच्यानं मध्य आपल्याला देऊन टाकलेला असतो. त्याचा घोडा एफ-६ वर, उंट जी-७ च्या कोपऱ्यात, एक प्यादं डी-६ वर आणि राजा किल्लेकोट करून आत. किंग्ज इंडियन बचाव तो हाच, आणि त्याच्यावरचा हा चार प्याद्यांचा हल्ला. मी औंधात राहून गेली तीसेक वर्षं हा डाव खेळतो आहे. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मला तो कळलेला नव्हता. चाली सगळ्या पाठ होत्या, तरीही.

हा डाव मला आवडला तो आबांमुळे. आबा म्हणजे माझे आजोबा, औंध संस्थानच्या काळात वाढलेले. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळेत लावलेली सूर्यनमस्कारांची सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. नमस्कार झाले की चहा, आणि दुपारी देवळाच्या ओवरीत कापडी पट. ते खेळत ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चाले. राजाला शह लागलेला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं तरी मागेल ते मोहरं मिळत नसे. घोड्याच्या पट्टीतलं प्यादं घोडाच व्हायचं. एकटा राजा उरला की बुर्जी, म्हणजे जिंकणाऱ्याचं जिंकणं अर्ध्यावर. आणि प्याद्यानं मात केली तर त्याचा मान सर्वांत मोठा. प्यादेमात करणाऱ्याचं नाव ओवरीत आठवडाभर निघायचं.

एक-एक घर चालणाऱ्या प्याद्यांचा खेळ सावकाश मांडला जातो. मध्यावर झडप घालता येत नाही. मग माणूस प्यादी तिसऱ्या रांगेत लावतो, त्यांच्या मागे कोपऱ्यात उंट बसवतो आणि समोरच्याची वाट बघतो. आबांचा पट मला अजून डोळ्यांसमोर दिसतो, आणि त्यातली मांडणी जवळजवळ किंग्ज इंडियनचीच असे. हे नाव त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं. या बचावांना युरोपनं ‘इंडियन’ म्हटलं त्यामागे हीच गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर कोलकात्यात होता, आपल्या काळातला नावाजलेला आणि तडाखेबंद खेळाडू. त्याच्यासमोर बसत महेशचंद्र बॅनर्जी, बंगालच्या खेड्यातून आलेले. देशी नियमांवर वाढलेला हात त्यांनी विलायती नियमांत तसाच ठेवला. प्यादी मागे, उंट कोपऱ्यात.

त्यांचा १८५० च्या दशकातला एक डाव मी इतक्या वेळा मांडलाय की पट नसतानाही खेळून दाखवीन. कॉक्रेननं चारही प्यादी पुढे काढली आहेत. महेशचंद्रांनी उंट जी-४ वर आणून एफ-३ चा घोडा जखडला, आणि सातव्या चालीला ई-५ करून मध्य फोडला. मारामारी झाली. कॉक्रेननं डी-५ केल्यावर काळ्या घोड्यानं सरळ ई-४ चं प्यादं खाल्लं. पांढऱ्यानं आपल्या दुसऱ्या घोड्यानं तो मारला, तर काळ्याचं एफ-प्यादं त्या दुसऱ्या घोड्याच्या अंगावर आलं, मग ई-प्यादं पुढे सरकलं. पांढरा घोडा ई-६ वर जाऊन वजिरावर डोळा ठेवून बसला, तेव्हा महेशचंद्रांनी वजीर वाचवायचा विचारही केला नाही. प्याद्यानं एफ-३ चा घोडा मारला, नंतर ते जी-२ वर घुसलं, आणि उंटानं पांढरा वजीर उचलला. वजिराला वजीर, आणि वर सातव्या घरात पोचलेलं एक प्यादं. डाव काळ्यानं जिंकला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा डाव, आणि चार प्याद्यांच्या हल्ल्यात पांढऱ्याचं काय चुकतं ते त्यात सगळं आलेलं आहे. पण मी तो बघायचो महेशचंद्रांच्या त्या वजिरासाठी. कॉक्रेनच्या बाजूनं बसून तो बघायला मला पुढे सांगलीत हरावं लागलं.

आमच्या बाजूच्या बुद्धिबळपटूला सांगली म्हणजे माहेर. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपानं तिथं जे उभं केलं, त्यातून आसपासच्या तालुक्यांतल्या किती पोरांना पहिल्यांदा घड्याळ लावून खेळायला मिळालं असेल. भाग्यश्री साठे सांगलीच्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, १९८७ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे प्रवीण ठिपसे यांच्याशी लग्न होऊन ठिपसे झाल्या. स्वाती घाटे सांगलीच्याच. आम्ही पुसेसावळी, विटा, तासगाव करत एसटीनं स्पर्धेला जायचो, मांडीवर छोटा चुंबकी पट ठेवून.

मी हरलो त्या स्पर्धेत माझ्यासमोर माझ्याहून वयानं लहान, शांत मुलगा होता. सहाव्या चालीला त्यानं सी-५ केलं, मी डी-५ करून पुढे गेलो. त्यानं ई-६ केलं, आठव्या चालीला मी उंट ई-२ वर आणला, त्यानं डी-५ वर मारलं आणि मी सी-प्याद्यानं परत मारलं. त्यानं हत्ती ई-८ वर आणला. इथं वाट फुटते. घोडा डी-२ वर मागे घेऊन ई-४ राखता येतं. किंवा दहाव्या चालीला ई-५. मी ई-५ ढकललं. त्यासाठीच तर गेलो होतो. डी-प्याद्यानं मारलं, एफ-प्याद्यानं परत मारलं, काळा घोडा जी-४ वर आला. माझ्या ई-५ च्या प्याद्यावर आता हत्ती, उंट आणि घोडा असे तीन रोखलेले. मी बाराव्या चालीला उंट जी-५ वर वजिरावर घातला. पुस्तकात हेच होतं. पुस्तकात पुढे काळा वजीर बी-६ वर जायचा आणि मी किल्लेकोट करायचा.

त्यानं वजीर हलवला नाही. एफ-६ केलं.

ही चालही पुस्तकात होती, पण बारीक टाइपात, आणि बारीक टाइप मी वाचला नव्हता. मी प्याद्यानं एफ-६ वर मारलं, त्याच्या उंटानं परत मारलं. मला वाटलं, कोपऱ्यातला तोच तर त्याचा कर्ता उंट, तो पटावरून गेला की राजा उघडा. मी माझा जी-५ चा उंट त्याच्यावर टाकला. वजिरानं परत मारलं. मग मी समाधानानं किल्लेकोट केला आणि चहा घ्यायला उठलो. परत आलो तेव्हा त्याचा घोडा ई-३ वर बसला होता, एका बाजूला माझा वजीर आणि दुसऱ्या बाजूला हत्ती. मागून ई-८ चा हत्ती त्याला धरून. वजीर वाचवला, हत्ती गेला, वीसेक चालींनी डावही गेला.

परतीच्या एसटीत चुंबकी पटावरून एकेक मोहरं काढून टाकलं. वजीर, हत्ती, घोडे, सगळे. नुसती प्यादी ठेवली. मग ई-३ च्या त्या घराकडे बघत बसलो. डाव सुरू होताना त्या घरावर दोन प्याद्यांचा पहारा असतो, डी-२ चं आणि एफ-२ चं. माझं डी-प्यादं डी-५ वर गेलेलं. एफ-प्यादं एफ-४, ई-५, एफ-६ असं भटकत जाऊन पटावरून नाहीसं झालेलं. घर मीच उघडं टाकलं होतं, आणि त्याच चालींच्या जिवावर मी मध्य जिंकल्याच्या आनंदात होतो. उरला होता एकच पहारेकरी, तो जी-५ चा उंट. तिथून तिरपा ई-३ दिसतो. तो मी होऊन बदलून टाकला. बारीक टाइपात पांढऱ्यानं वजीर डी-२ वर आणायचा, असं होतं. ती चाल ई-३ साठीच आहे, हे तेव्हा कळलं.

आबा म्हणायचे, “पोरा, प्यादं एकदा म्होरं गेलं की मागं येत न्हाय. म्होरं टाकायच्या आधी त्याच्या मागची घरं बघून ठेव.” लहानपणी मला वाटायचं हे म्हाताऱ्या माणसाचं धोरण आहे, एका घराच्या चालीचं. दोन घरं उडी मारणाऱ्या प्याद्याला तर ते दुपटीनं लागू पडतं.

त्या रात्री आणखी एक गोष्ट दिसली. हाणामारीनंतर माझी प्यादी तीन तुकड्यांत पडतात: ए-बी, डी-ई आणि जी-एच. काळ्याची दोनच तुकड्यांत. बुद्धिबळात याला प्याद्यांची बेटं म्हणतात. औंधच्या माणसाला हे शिकवायला नको. आमचं संस्थान बहात्तर गावांचं, आणि तेही सलग नाही. औंध इकडे, कुंडल तिकडे, आटपाडी माणदेशात आणि गुणदाळ पार विजापूरकडे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर मधे दुसऱ्याची हद्द. अशा मुलखाचं राज्य चालवायला फार शहाणपण लागतं, ते बाळासाहेबांकडे होतं. १९३९ साली त्यांनी कारभारच गावांच्या हाती दिला. पटावर मात्र बेटांना पंचायती नेमून देता येत नाहीत. डी-ई ची जोडी पुढे सरकत राहिली तर ती दोन्ही काठ विसरायला लावते, थांबली तर एकेक करून खाल्ली जाते.

म्हणून ई-५ ची चाल ही वेळेची चाल आहे. आमच्या खटाव तालुक्यात पाऊस बेताचा. तो पडून गेला की दुसऱ्या दिवशी कुणी कुरी घेऊन रानात उतरत नाही. वापसा यावा लागतो. ओल हाताला लागली पाहिजे पण ढेकूळ पायाला चिकटता कामा नये. आधी पेरलं तर बी कुजतं, उशीर केला तर वाळतं. १९६० च्या लाइपझिग ऑलिंपियाडमध्ये चिलीच्या रेने लेतेलिएरनं बॉबी फिशरसमोर हेच ई-प्यादं पाचव्याच चालीला पुढे घातलं. मोहरी घरात, राजा मध्यात, आणि प्यादं शत्रूच्या दारात. फिशरनं बाजूनं सी-५ करून मध्य पोखरला आणि तेविसाव्या चालीला वजीर देऊ केला. लेतेलिएरनं तिथंच डाव सोडला. वापसा नसताना केलेली पेरणी.

त्यानंतर वर्षभर मी ई-५ खेळलोच नाही. दहाव्या चालीला घोडा डी-२ वर घ्यायचो. मागे येणारी चाल, पण घोडा तिथून ई-४ राखतो आणि पुढे सी-४ वर जाऊन डी-६ वर नजर ठेवतो. डाव बरे व्हायचे. पण माझ्या हाताचा जोर गेल्यासारखा वाटायचा. शेवटी परत ई-५ कडे आलो, तेव्हा मला ती चाल पहिल्यांदा दिसली असं म्हणेन. ते प्यादं ई-५ वर टिकवायला जायचं नाहीच. तीन जण ज्याच्यावर रोखलेत ते जाणारच. ते जाताना काय उघडतं आणि काय बंद होतं, एवढंच आपल्या हातात. उंट जी-५ वर न घालता बाराव्या चालीला तेच प्यादं ई-६ वर आणखी एक घर ढकलता येतं. काळ्यानं एफ-प्याद्यानं मारलं तर त्याच्याच हत्तीची ई-पट्टी त्याच्याच प्याद्यानं बुजते. एक प्यादं देऊन दोन चालींचा श्वास मिळतो, आणि पांढरा राजा किल्ल्यात जातो. या डावात मी जिंकलोही आहे आणि हरलोही आहे. पण आता हरतो तेव्हा कुठल्या घरापायी हरलो ते माहीत असतं.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर आठ-दहा पोरं ओट्यावर जमतात. फोनवरचा संगणक त्यांना कुठलीही चाल क्षणात सांगतो, आणि ती बरोबरच असते. मी त्यांच्याकडून चाली पाठ करून घेत नाही. मोहरी उचलून ठेवायला लावतो, नुसती प्यादी बघायला लावतो आणि विचारतो, कुठलं घर उघडं पडलं? सुरुवातीला सगळे समोरच्याची घरं दाखवतात. आपली कुणी दाखवत नाही.

गेल्या महिन्यात सातवीतली एक मुलगी दहावीतल्या एका पोराशी हाच डाव खेळत होती. मी नुसता बाजूला उभा. हत्ती ई-८ वर आला. तिचा हात ई-प्याद्याकडे गेला आणि थांबला. तिनं बोट ई-३ च्या रिकाम्या घरावर टेकवलं. मग सी-१ च्या उंटावर नेलं, परत ई-३ वर आणलं. बराच वेळ गेला. मग तिनं ई-५ केलं. मारामारी झाली, घोडा जी-४ वर आला. त्या पोरानं खुर्ची मागे सरकवली. त्याच्या पाठांतरात आता पांढरा उंट जी-५ वर येणार होता आणि तो एफ-६ करणार होता.

तिनं उंटाला हात लावला नाही. तो सी-१ वरच राहिला, ई-३ कडे बघत. तिनं प्यादं ई-६ वर सरकवलं, घड्याळ दाबलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली.