सात्या

गेल्या आठवड्यात इतवारीच्या बाजारात एका बाईच्या टोपलीत पळसाच्या पानांवर सात्या दिसल्या. भाव ऐकून मी मागे सरलो. "घ्या जी भाऊ, ह्या काही लावून येत नाहीत," ती म्हणाली. बाई खरं बोलत होती.

उमरेड रोडला अब्बांनी घेतलेल्या प्लॉटवर एक वारूळ होतं. पहिला जोराचा पाऊस पडून विजा कडाडल्या की दुसऱ्या दिवशी पहाटे अब्बा मला स्कूटरवर तिकडे न्यायचे. तळहाताएवढ्या छत्र्या, आणि खाली हातभर लांब मूळ. ते अख्खं कधी निघायचं नाही. अम्मी वेगळ्या पातेल्यात त्या शिजवायची. त्यातली एक वाटी शेजारच्या काकूंकडे जायची. श्रावणात त्यांच्याकडे मटण बंद, पण सात्या चालायच्या.

ते मूळ कुठे जातं, हे मला फार उशिरा कळलं. सात्या ही उधईची शेती आहे. उधई वाळका पाला-लाकूड चावून वारुळाच्या पोटात स्पंजासारखी पोळी रचते. त्यावर बुरशी वाढते, लाकडातला कठीण भाग मऊ करते आणि उधई ते खाते. हे नातं आफ्रिकेत सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी जुळलं. माणसाची शेती जेमतेम 10-12 हजार वर्षांची. या दोघांपैकी कुणीही पुन्हा एकटं राहायला गेलं नाही. खाली अख्ख्या वसाहतीची कमाई साठलेली असते, म्हणून छत्रीला एवढं मोठं होणं परवडतं. झांबियातल्या याच कुळातल्या एका जातीची छत्री मीटरभर रुंद होते. खाण्याच्या अळंब्यांत तीच जगात सर्वांत मोठी. धिंगरी पोत्यात पिकते, सात्या मात्र वारूळ सोडून येत नाही.

2009 साली आम्ही त्या प्लॉटवर घर बांधलं. चौकटींना उधई लागू नये म्हणून वारूळ खणायला मीच सांगितलं. आतून पोळ्यांचे थर निघाले, त्यांवर खसखशीएवढे पांढरे दाणे. मजुरांनी ते मलब्यावर फेकले आणि पायाभर औषध ओतलं. "आता सात्या कुठून आणशील?" अम्मीने विचारलं. "बाजारातून," मी हसून म्हणालो.

चौकटी आजही शाबूत आहेत.

बाजारातून शेवटी पावभर घेतल्याच. अम्मीने जुन्या सवयीने वेगळं पातेलं काढलं, शिजल्यावर वाटी भरली आणि म्हणाली, "शेजारी देऊन ये."

इतक्या वर्षांत त्या घराची बेल मी एकदाही वाजवली नव्हती.