घाटावरचे पाणी आणि उपनगरातील गाडी

मुंबईच्या उपनगरांचे प्रवासवर्णन लिहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही आमच्या पुष्कळ वाचकांच्या नित्याच्या जाण्यायेण्याची ठाणी. तेथे पाहण्यासारखे ते काय, असे कोणी विचारल्यास नवल नाही. परंतु घरातील लहान मुलांस बरोबर घेऊन व एकच प्रश्न मनात धरून ही चार ठाणी पाहिली, तर एखाद्या दूरच्या सहलीइतके ज्ञान पदरी पडते, असा आमचा अनुभव आहे. तो प्रश्न असा की, गाडी चालविणारी शक्ती येते कोठून, आणि गाडी थांबली म्हणजे ती जाते कोठे? शाळेच्या पुस्तकांत ह्या शक्तीस हल्ली 'ऊर्जा' म्हणतात. आम्हीही येथे तोच शब्द योजतो.

आरंभ मुलुंडास करावा. एका रविवारी सकाळी पोळीभाजी खाऊन घरातील पाच मुलांसह आम्ही मुलुंड स्थानकावर आलो. पुलाचा जिना चढताना धाकटी पुतणी म्हणाली, "काका, एवढ्याशा जिन्याने दम का हो लागतो?" प्रश्न अगदी योग्य वेळी आला. वीस किलो वजनाचे मूल पाच मीटर उंच चढले म्हणजे सुमारे १००० जूल इतके काम होते. जूल हे ऊर्जेचे माप होय. आपले शरीर एक जूल काम करण्यासाठी सुमारे चार जूल खर्ची घालते. बाकीचे तीन अंगातील उष्णतेत जातात, म्हणून घाम येतो. मध्यम आकाराच्या एका पोळीत सुमारे ४ लाख जूल असतात. म्हणजे एका पोळीच्या बळावर हा जिना शंभर वेळा चढता यावा! "मग पोळीत ती ऊर्जा कोणी भरली?" असे विचारताच थोरल्या पुतण्याने सांगितले, "गव्हाच्या पानांनी. त्यांनी ऊन साठवले." उत्तर बरोबर होते.

पोळीतून निघालेली ती ऊर्जा जिन्याच्या माथ्यावर नाहीशी झालेली नसते. तिचा एक भाग उष्णता झाला, दुसरा उंचीच्या रूपाने मुलापाशी साठला. खालच्या एका पायरीवरून टुणकन उडी मारावी, म्हणजे उंचीची गती झालेली दिसते. पाय जमिनीवर आपटताच 'धप्' असा आवाज होतो व तळव्यांस किंचित ऊब लागते. रूपे पालटतात, बेरीज मात्र तीच राहते. एकोणिसाव्या शतकात जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने हेच मोजून दाखविले. आजी रवीने ताक घुसळते, तसे त्याने पडत्या वजनाच्या जोरावर भांड्यातील पाणी घुसळले, आणि ते किती तापले हे बारीक तापमापकाने पाहिले. ऊर्जेच्या मापास त्याचेच नाव मिळाले.

मुलुंडाहून गाडीने घाटकोपरास यावे व फलाटावरून वरच्या तारेकडे बोट दाखवावे. हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली. त्या काळी तारेतील विजेचा दाब १५०० व्होल्ट होता. आज तो २५,००० व्होल्ट आहे. दाब वाढविला म्हणजे तेवढीच ऊर्जा कमी प्रवाहाने नेता येते, व वाटेत तारा तापून होणारी नासाडी घटते. येथेच मुलांस एक कडक ताकीद द्यावी. एवढ्या दाबाची वीज तारेस न शिवताही अंगावर झेप घेते. म्हणून गाडीच्या टपावर चढणे किंवा तारेच्या दिशेने काठी उगारणे म्हणजे प्राणाशी गाठ आहे. ऊर्जेस आपला व परका कळत नाही. तिला केवळ वाट हवी असते.

घाटकोपराहून अंधेरीस जाण्यास ८ जून २०१४ पासून मेट्रो आहे. उंच खांबांवरून ती असल्फा, साकीनाका, मरोळनाका अशी जाते, तेव्हा डोंगरउतारावरील दाटीवाटीची घरे खेळण्यांसारखी दिसतात. मुलांनी डोळे मिटावे आणि केवळ कानांनी गाडी ऐकावी. निघताना सूर चढत जातो, थांबताना उतरत येतो. निघताना वीज मोटरीस फिरविते. थांबताना धावत्या चाकांच्या जोरावर तीच मोटर फिरते व वीज उत्पन्न करते. ती वीज तारेत परत जाते आणि जवळपासच्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. गाडीचा वेग ह्या रीतीने उसना देता येतो, हे ऐकून मुले थक्क झाली.

ही उसनवारी केवढी, ते अंधेरी ते बोरिवली ह्या लोकलच्या प्रवासात सांगावे. गाडी ५०० टन वजनाची व वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर तिच्या गतीत सुमारे १९ युनिट ऊर्जा असते. जुन्या गाड्यांत स्थानक आले की ही सारी पुंजी उष्णता होऊन वाऱ्यावर जात असे. नव्या गाड्या तिचा बराच भाग परत करतात; सगळा मात्र कोणतेही यंत्र परत करू शकत नाही. घर्षणाने झालेली ऊब हवेत पसरली की ती असते खरी, पण पुन्हा गोळा करून कामास लावता येत नाही.

बोरिवलीपर्यंतचा मार्ग १९२८ साली विजेचा झाला. येथील राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात तुळशी तलाव आहे; तो १८७९ साली बांधून झाला. त्याआधीचा विहार तलाव १८६० सालचा. तुळशी भरून वाहू लागला की पाणी विहारात येते. हे पाणी डोंगरात नेऊन कोणी ठेवले? सूर्याने समुद्राचे पाणी वाफ करून उचलले, वाऱ्याने ते ढगांच्या रूपाने वाहून आणले व पावसाने डोंगरावर ओतले. मुलुंडच्या जिन्यावरील मुलाप्रमाणे हे पाणीही उंचीची पुंजी घेऊन बसलेले आहे.

ह्याच पुंजीतून मुंबईस वीज मिळाली. लोणावळा, वळवण, शिरवटा येथील तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस आणून चक्रांवर सोडण्याची योजना जमशेटजी टाटांनी मनात धरली. ते १९०४ साली निवर्तले. वीज १९१५ साली सुरू झाली. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा येथील केंद्रे उभी राहिली. हिशेब सोपा आहे: एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली पडले, तर वाटेतील तूट वजा जाता सुमारे एक युनिट वीज हाती येते. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की तेवढेच संपते. आज मुंबईच्या विजेचा मोठा भाग कोळशातून येतो; पण कोळसा म्हणजे तरी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठविलेले ऊनच होय. ते एकदा जाळले की तसे पुन्हा साठण्यास आपल्या नातवंडांचे आयुष्य पुरणार नाही.

येथवरची कथा मुलांस गोड वाटते. परंतु तिचा दुसरा भाग मोठ्या माणसांनी चुकवू नये. भिऱ्याच्या चक्रांवर पडणारे पाणी मुळशीच्या धरणातले आहे. मुळा नदी स्वभावतः पूर्वेस वाहते. तिला अडवून पाणी कोकणाकडे वळविले, आणि त्यासाठी मुळशी पेठेतील मावळ्यांची गावे व भातखाचरे बुडाली. आपल्या जमिनींसाठी त्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. त्या लढ्यानेच पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले. लढा हरला, धरण झाले. मुंबईच्या गिरण्यांस व दिव्यांस वीज मिळाली. ज्यांच्या खाचरांवर पाणी उभे राहिले, त्यांच्या वाट्यास विस्थापन आले.

हे ऐकून मघाची पुतणी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "काका, ती गावे अजून पाण्याखालीच आहेत?" आम्ही "होय" म्हणालो.

ऊर्जा कधी नष्ट होत नाही, एवढे शिकवून आपण थांबलो तर मुलांची समजूत अशी होईल की, तिचे मोलही कधी द्यावे लागत नाही. म्हणून सुटीच्या दिवशी ही चार ठाणी त्यांस अवश्य दाखवावी, आणि घरी आल्यावर विजेचे बिल त्यांच्याच हाती देऊन त्यातील युनिटांचे हजार-हजार लिटर पाणी त्यांच्याकडून मोजून घ्यावे. आमच्या घरी हा हिशेब आता दर महिन्यास थोरला पुतण्या करतो, आणि रिकाम्या खोलीतील पंखा बंद करण्यास कोणास सांगावे लागत नाही.